शिक्षित पोलीस हवा. पण त्याच्या पदवीचे कर्ज कोणी फेडायचे?

अमेरिकेत दरवर्षी ५० हजारांहून जास्त विद्यार्थी पोलीस, न्याय आणि सुरक्षा या विषयगटात चार वर्षांची पदवी मिळवतात. त्यात सर्वांत मोठा वाटा ‘क्रिमिनल जस्टिस’चा. गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन या सगळ्या यंत्रणेचा हा अभ्यास. या वर्गांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलामुलींचे प्रमाण मोठे असते, आणि अनेकांच्या घराण्यात कॉलेजात जाणारे ते पहिलेच असतात. कोणाला आपल्याच वस्तीत पोलीस म्हणून परतायचे असते, कोणाला बालगुन्हेगारांना मार्गावर आणायचे असते, कोणाला एफबीआय खुणावत असते. यातले बरेच जण कर्ज काढून शिकतात.

हे कर्ज काढावे का, काढलेच तर किती, हा प्रश्न दिसायला सोपा वाटतो. पदवीनंतर मिळणारा पगार एका बाजूला, कर्जाचा हप्ता दुसऱ्या बाजूला, झाला हिशेब. पण या क्षेत्रात हा हिशेब फसवा ठरतो, कारण इथल्या सर्वांत जास्त नोकऱ्या पदवी मागतच नाहीत. म्हणून पगार किती, यापेक्षा पदवीमुळे पगारात नेमकी किती भर पडते, हे पाहावे लागते. आणि त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे: शिकलेला पोलीस ही समाजाची गरज असेल, तर तिचा खर्च अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर का?

सरकारने पैसे मोजले तो काळ

पोलिसाला कॉलेजात पाठवण्याची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ मध्ये तिथल्या विद्यापीठात पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पण या विषयाची खरी लाट आली ती १९६०च्या दशकात. शहरांतल्या दंगली, वाढती गुन्हेगारी आणि पोलिसांवरचा उडालेला विश्वास या पार्श्वभूमीवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आयोग नेमला. १९६७च्या अहवालात त्या आयोगाने म्हटले, की सर्वसाधारण अधिकार असलेल्या प्रत्येक पोलिसाकडे पुढेमागे चार वर्षांची पदवी असावी, हेच अंतिम उद्दिष्ट हवे.

पुढच्याच वर्षीच्या कायद्यातून पोलीस शिक्षणाची केंद्रीय योजना आली. ती ‘लीप’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. नोकरीत असलेल्या पोलिसांना तिने अनुदान दिले. विद्यार्थ्यांना कर्जही दिले, पण पदवीनंतर पोलीस किंवा तुरुंग सेवेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे त्या कर्जाचा चौथा हिस्सा माफ होई. चार वर्षे सेवा केली की पाटी कोरी. न्यूयॉर्कचे जॉन जे कॉलेज १९६४ मध्ये पोलिसांचे कॉलेज म्हणून सुरू झाले होते. या काळात देशभर असे विभाग झपाट्याने निघाले.

योजनेत दोषही होते. पैसा येतोय म्हटल्यावर अनेक कॉलेजांनी घाईने अभ्यासक्रम उभे केले. लॉरेन्स शर्मन यांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय सल्लागार आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात यावर कठोर टीका केली: पोलीस अकादमीत शिकवले जाणारे कवायतीचे आणि कार्यपद्धतीचे धडेच कॉलेजात पदवी म्हणून दिले जात आहेत, विचाराची व्याप्ती वाढवणारे शिक्षण बाजूलाच राहते आहे. टीका रास्त होती. पण ती मनावर घेऊन शिक्षण सुधारण्याआधीच सरकारी पैसा आटला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही व्यवस्था गुंडाळली गेली. अभ्यासक्रम मात्र उरले, वाढले. खर्च विद्यार्थ्यांकडे सरकला. आजच्या सगळ्या अडचणींचे मूळ या सरकण्यात आहे.

पगार बरा, पण तो पदवीचा आहे का?

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे मे २०२३चे आकडे पाहू. हे मधले पगार आहेत, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते. पोलीस आणि डिटेक्टिव्ह यांचा मधला वार्षिक पगार सुमारे ७५ हजार डॉलर होता, प्रोबेशन ऑफिसरचा, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या दोषींवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा, जवळपास ६२ हजार, न्यायवैद्यक तंत्रज्ञाचा ६५ हजार, तुरुंग रक्षकाचा ५३ हजार, खासगी डिटेक्टिव्हचा साधारण ५० हजार आणि सुरक्षा रक्षकाचा ३७ हजार. देशातल्या सर्व नोकऱ्यांचा मधला आकडा ४८ हजार होता. राज्याराज्यांतला फरकही प्रचंड आहे. कॅलिफोर्नियात गस्तीवरच्या पोलिसाची सरासरी कमाई वर्षाला १ लाख डॉलरच्या वर जाते, मिसिसिपीत ती त्याच्या निम्मीही भरत नाही.

प्रवेशाच्या माहितीपत्रकात पोलिसाचा पगार ठळक छापलेला असतो. त्यात जे लिहिलेले नसते ते असे, की न्याय विभागाच्या २०१३च्या पाहणीनुसार स्थानिक पोलीस दलांपैकी जेमतेम १ टक्का दले भरतीसाठी चार वर्षांची पदवी मागत होती. बहुसंख्य दलांना हायस्कूलचे प्रमाणपत्र पुरत होते. तुरुंग रक्षकाचीही तीच गोष्ट. म्हणजे ७५ हजारांच्या त्या पगारावर पदवीधराइतकाच बिनपदवीच्या शेजाऱ्याचाही हक्क आहे. वर अकादमीचे प्रशिक्षण दोघांनाही सारखेच घ्यावे लागते आणि मोठ्या दलांत त्या काळात पगारही मिळतो.

अलीकडे तर अटी आणखी सैल होत आहेत. माणसे मिळत नाहीत, ही बहुतेक शहरांची तक्रार आहे. फिलाडेल्फियाने २०१६ मध्ये ६० क्रेडिटची, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कॉलेजची अट काढून टाकली. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने २०२५ मध्ये ती ६० वरून २४ क्रेडिटवर आणली. मिनेसोटासारखे राज्य, जिथे पोलीस होण्यासाठी दोन वर्षांची पदवी लागते, हा अपवादच.

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या विषयवार तक्त्यात क्रिमिनल जस्टिसचे पदवीधर एका रकान्यात कायम सर्वांत वर असतात: शिक्षणापेक्षा खालच्या कामावर असलेल्यांचे प्रमाण. ते दोन तृतीयांशाहून जास्त आहे. हा आकडा वाचून या पदवीधरांना काम मिळत नाही असा समज होतो, पण तो बरोबर नाही. त्यांच्यातली बेरोजगारी काही भयंकर नाही. ज्या कामातले किमान निम्मे लोक ‘इथे पदवी लागते’ असे सांगतात, तेच काम बँक पदवीचे मानते. गस्तीवरचा पोलीस या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे मनासारखी पोलिसाची नोकरी मिळालेला तरुणही त्या दोन तृतीयांशांत मोजला जातो. आकडा त्याच्या अपयशाचा नाही. त्याने ज्या कागदासाठी कर्ज काढले, तो कागद दारावर कोणी मागितला नाही, एवढेच हा आकडा सांगतो.

या हिशेबात विद्यार्थ्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र सहसा धरली जात नाही. अनेक पोलीस दलांत भरतीचे किमान वय २१ असते. हायस्कूल अठराव्या वर्षी संपते. मधली तीन वर्षे पोलिसाचा पगार तसाही मिळणार नसतो, त्यामुळे शिकण्यात बुडालेली कमाई वाटते तितकी मोठी नसते. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे स्वस्तात शिकणे या मधल्या काळात चपखल बसते. महाग पडतो तो त्यापुढचा कर्जाचा डोंगर.

एकच कर्ज, वेगवेगळे पगार

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. चार वर्षांचे मिळून २७ हजार. २०२४-२५ मध्ये अशा नव्या कर्जाचा व्याजदर ६.५३ टक्के होता. साडेसहा टक्क्यांनी, दहा वर्षांच्या मुदतीत, २७ हजारांचा हप्ता महिन्याला सुमारे ३०७ डॉलर येतो. एकूण फेड जवळपास ३६,८०० डॉलर.

आता हा हप्ता पगारांशेजारी ठेवू. ७५ हजार कमावणाऱ्या पोलिसाच्या पगारातला ५ टक्क्यांहून थोडा कमी हिस्सा त्यात जातो. तुरुंग रक्षकाचे ७ टक्के जातात. सुरक्षा रक्षक म्हणून अडकलेल्या पदवीधराचे १० टक्के. केंद्रीय शिक्षण खात्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या नियमात सहन होण्याजोग्या हप्त्याची एक मर्यादा वार्षिक कमाईच्या ८ टक्के धरली आहे. म्हणजे तेच कर्ज एकाला सहज झेपते, दुसऱ्याला जेमतेम आणि तिसऱ्याला नाही. कर्ज ६० हजारांचे असेल तर त्याच व्याजाने हप्ता ६८० डॉलरच्या घरात जातो आणि तुरुंग रक्षकाच्या पगाराचा १५ टक्के हिस्सा खातो.

२७ हजारांची मर्यादा ओलांडली जाते ती दोन वाटांनी: पालकांच्या नावावरचे सरकारी कर्ज आणि खासगी कर्ज. या वाटा धराव्या लागतात की नाही, हे कॉलेजवर ठरते. जॉन जे कॉलेजात न्यूयॉर्कच्या रहिवाशाची वार्षिक फी ७ हजार डॉलरच्या आत आहे. गरीब घरातल्या विद्यार्थ्याला मिळणारी पेल ग्रँट २०२४-२५ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती; ती पूर्ण मिळाली तर फी भागते. खासगी कॉलेजांची छापील फी सरासरीने वर्षाला ४० हजारांच्या पुढे आहे. पदवीचे नाव एकच, पोलीस भरतीतली किंमत एकच, पण कर्जात दहा वर्षांच्या आयुष्याचा फरक.

स्वप्नांचा बाजार

या फरकाचा सर्वांत निर्दय गैरफायदा नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांच्या साखळ्यांनी घेतला. वेस्टवुड कॉलेजवर इलिनॉय राज्याच्या महाधिवक्ता लिसा मॅडिगन यांनी २०१२ मध्ये खटला भरला, तो नेमका क्रिमिनल जस्टिसच्या अभ्यासक्रमावरून. शिकागो परिसरातल्या विद्यार्थ्यांना सांगितले जात होते, की या पदवीवर शिकागो पोलिसांत किंवा राज्य पोलिसांत जाता येईल. प्रत्यक्षात कॉलेजला ज्या प्रकारची मान्यता होती, ती या दलांना चालत नव्हती. आणि फी सरकारी कम्युनिटी कॉलेजच्या कित्येक पट. २०१५च्या तडजोडीत इलिनॉयमधल्या या विद्यार्थ्यांची सुमारे दीड कोटी डॉलरची खासगी कर्जे माफ झाली, २०१६ मध्ये कॉलेज बंद पडले आणि २०२२ मध्ये शिक्षण खात्याने वेस्टवुडच्या ७९ हजार कर्जदारांचे दीड अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज रद्द केले.

मिनेसोटातही तेच घडले. तिथल्या ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस यांनी पोलीस आणि प्रोबेशनच्या नोकऱ्यांची आशा दाखवून विद्यार्थ्यांची फसवणूक केली, असा निर्णय न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. ज्या राज्यात पोलीस होण्यासाठी खास मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो, तिथे यांच्याकडे ती मान्यताच नव्हती.

कर्ज रद्द झाले म्हणून वर्षे परत मिळत नाहीत. सार्वजनिक सेवेत जाऊ पाहणाऱ्या तरुणांना कायद्याच्याच नावाने लुबाडले गेले, ही गोष्ट या क्षेत्राने विसरता कामा नये.

सेवेच्या बदल्यात माफी: कागदावर आणि प्रत्यक्षात

२००७च्या कायद्याने सार्वजनिक सेवेतल्या कर्जदारांसाठी माफीची योजना आणली. सरकारी नोकरीत पूर्णवेळ काम करत १२० मासिक हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ. पोलीस, सरकारी तुरुंगाचे कर्मचारी, प्रोबेशन ऑफिसर, सरकारी वकील, गरिबांचा बचाव करणारे सरकारी वकील, सगळे यात बसतात. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी तुरुंगाचे कर्मचारी बसत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक सगळे अर्ज फेटाळले गेले. २०२१ पासून नियम सैल झाल्यावर परिस्थिती पालटली आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत १० लाखांहून जास्त लोकांना माफी मिळाली.

पण पोलीस होऊ पाहणाऱ्याने इथे नीट गणित करावे. १२० हप्ते म्हणजे दहा वर्षे, आणि नेहमीच्या फेडीची मुदतही दहाच वर्षे. उत्पन्नाच्या प्रमाणात कमी हप्ता ठरला, तरच दहा वर्षांनंतर माफ करण्याजोगे काही उरते. २७ हजारांचे कर्ज आणि ७५ हजारांचा पगार असेल, तर हप्ता कमी होत नाही आणि शेवटी काहीच उरत नाही. या योजनेचा खरा आधार कमी पगार आणि मोठे कर्ज असणाऱ्यांना आहे. विशेषतः लाखभर डॉलरचे कर्ज डोक्यावर घेऊन गरिबांच्या बचावाला उभ्या राहणाऱ्या वकिलांना. पदवीच्या विद्यार्थ्याला ‘पुढे माफ होईल’ असे सांगून मोठे कर्ज घ्यायला लावणारा सल्ला चुकीचा आहे.

आणखी एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. सरकारी हमीचे शैक्षणिक कर्ज बुडीत निघाले असेल, तर एफबीआयचा उमेदवार आपोआप अपात्र ठरतो. ज्या नोकरीसाठी कर्ज काढले, त्याच नोकरीचे दार कर्ज थकल्याने बंद होऊ शकते.

पदवी कुठे उपयोगी पडते

ही पदवी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रोबेशन ऑफिसरच्या कामाला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी लागतेच, आणि तिथे क्रिमिनल जस्टिस, समाजकार्य किंवा मानसशास्त्र यांना मान आहे. पोलीस दलात सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन अशा पायऱ्या चढताना पदवी अनेक ठिकाणी उपयोगी पडते. वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणाऱ्याला किंवा दुखापतीने सेवा सोडावी लागणाऱ्याला दुसऱ्या कामासाठी तिचाच आधार असतो.

मात्र ज्या नोकऱ्या पदवीवर अडून बसतात, त्या बहुधा हीच पदवी मागत नाहीत. एफबीआयला पदवी हवी असते, पण कोणत्याही विषयाची. हिशेब, संगणक, भाषा, कायदा यांची तिथे कदर होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे असते. म्हणून या विद्यार्थ्याने जोडीला असे एखादे कौशल्य घेणे केवळ शहाणपणाचे नाही, तर आवश्यक आहे.

समाजाचा फायदा वेगळा मोजावा लागतो. जेसन रायडबर्ग आणि विल्यम टेरिल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेज शिकलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात असे आढळले. अटक आणि झडतीच्या प्रमाणात फरक दिसला नाही. रस्त्यावर एक लाठी, एक गोळी कमी चालणे याची किंमत पगाराच्या तक्त्यात येत नाही. पण ज्याच्या घरातला माणूस वाचला, त्याला ती कळते.

मॅसॅच्युसेट्स राज्याने ही किंमत काही काळ मोजली. १९७०च्या क्विन कायद्यानुसार पोलिसांना दोन वर्षांच्या पदवीसाठी मूळ पगाराच्या १० टक्के, चार वर्षांच्या पदवीसाठी २० आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी २५ टक्के वाढ मिळे. ६० हजार मूळ पगारावर २० टक्के म्हणजे वर्षाला १२ हजार डॉलर. २७ हजारांचे कर्ज व्याजासह सुमारे तीन वर्षांच्या वाढीत, कर न धरता, वसूल. पुढे नावापुरत्या पदव्या वाटणाऱ्या संस्थांचे प्रश्न उभे राहिले, निकष कडक करावे लागले, आणि २००९च्या आर्थिक टंचाईत राज्याने हात आखडता घेऊन नव्या भरतीसाठी योजनाच बंद केली.

ओझे सारखे वाटलेले नाही

ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६च्या अहवालानुसार पदवीनंतर चार वर्षांनी कृष्णवर्णीय पदवीधराच्या डोक्यावर सरासरी ५३ हजार डॉलर कर्ज होते, श्वेतवर्णीयाच्या डोक्यावर २८ हजार. घरात साठलेली संपत्ती नसली की फी कर्जातून जाते, व्याज वाढते, पुढच्या शिक्षणाचे कर्ज त्यावर चढते. पोलीस दलाचा चेहरा वस्तीसारखा असावा असे सगळे म्हणतात. त्या वस्तीतून येणाऱ्या मुलालाच सर्वांत मोठे कर्ज काढून यावे लागत असेल, तर त्या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

जुलै २०२५च्या केंद्रीय कायद्याने कमाईची एक कसोटी आणली आहे. एखाद्या अभ्यासक्रमाचे पदवीधर हायस्कूलवर थांबलेल्यांपेक्षा कमी कमावत असतील आणि तीनपैकी दोन वर्षे तसेच घडले, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज मिळणार नाही. फसव्या अभ्यासक्रमांना हा चाप आवश्यक आहे. पण पोलिसाचा पगार ही कसोटी सहज पार करतो, पदवीने त्यात काही भर घातली असो वा नसो.

मराठी घरांसाठी

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी काही गोष्टी स्पष्ट समजून घ्याव्यात. त्यांना अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. एफबीआयला नागरिकत्व लागते, बहुतेक पोलीस दलांतही परदेशी विद्यार्थ्याला जागा नाही. क्रिमिनल जस्टिसच्या सर्वसाधारण पदवीवर शिक्षणानंतर कामासाठी एक वर्ष मिळते. न्यायवैद्यक शास्त्राची पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असल्याने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. तिथे जन्मलेल्या मराठी मुलांना मात्र सगळी दारे उघडी आहेत, आणि वर मांडलेले गणित त्यांना जसेच्या तसे लागू आहे.

महाराष्ट्रातही पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, उपनिरीक्षकपदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून, उपनिरीक्षकाची ३८,६०० पासून सुरू होते. म्हणजे इथे पदवीला निदान एक वेगळी पायरी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेट बंधनकारक केली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय संस्थांत हे शिक्षण मिळते. मागणी वाढेल तसे महागडे खासगी अभ्यासक्रमही येतील. तेव्हा अमेरिकेचा हा अनुभव आपल्या उपयोगी पडावा.

निष्कर्ष

विद्यार्थ्यासाठी हिशेब असा: आधी नोकरी नक्की करावी, तिच्या भरतीची जाहिरात वाचावी, आणि पदवीची अट नसेल तर पदवी फक्त कर्जाशिवाय किंवा अगदी थोड्या कर्जावर घ्यावी. सरकारी कॉलेज, कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात, आणि शक्य असेल तिथे नोकरी लागल्यावर दलाच्या खर्चाने पुढचे शिक्षण. जिथे पदवी अनिवार्य आहे, तिथे सरकारी मर्यादेतले कर्ज झेपते. पालकांच्या नावावर किंवा खासगी बँकेकडून काढलेले मोठे कर्ज या क्षेत्रातल्या फार थोड्या नोकऱ्या फेडू शकतात.

पण एवढ्यावर थांबले, तर सगळा भार पुन्हा विद्यार्थ्याच्या शहाणपणावर टाकल्यासारखे होईल. १९६७ मध्ये मांडलेले उद्दिष्ट आजही योग्य आहे. ज्याच्या हाती नागरिकाला अडवण्याचा, अटक करण्याचा आणि प्रसंगी जीव घेण्याचा अधिकार आहे, त्याला इतिहास, कायदा आणि माणसाचे मन शिकवलेच पाहिजे. त्याचा लाभ संपूर्ण शहराला होतो, म्हणून त्याचा खर्चही शहराने, राज्याने आणि केंद्राने उचलावा. दर्जा तपासलेल्या अभ्यासक्रमांपुरती, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे चौथा हिस्सा माफ करणारी ती जुनी योजना परत आणणे, हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.